डबा आधी गाडीतून काढ

पत्र :

सर, मी पलूस तालुक्यातला, वय २४. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलंय. आमचा छोटा हत्ती आहे, आप्पा आणि मी आळीपाळीने चालवतो. हंगामात द्राक्षं, पुढे तासगाव आणि सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाणा, मधल्या दिवसांत मिळेल ते भाडं. निम्मं भाडं डिझेलमध्ये जातं. म्हणून व्हिडिओ बघून मी एचएचओचं किट बनवलं, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस काढून तो इंजिनाला द्यायचा. वॉटर फिल्टरच्या डब्यात स्टीलच्या सात पट्ट्या, पाण्यात कॉस्टिक सोडा, बॅटरीवरून थेट वायर आणि मध्ये एक स्विच. गॅसची नळी एअर फिल्टरच्या पाईपात सोडलीय. किट दहा अँपिअर घेतं. डबा सीटमागे बसवलाय, रात्री काढून जिन्याखाली ठेवतो. आधी ॲव्हरेज १५ होतं, आता १७ च्या वर गेलं. न विचारता बसवलं म्हणून आप्पा तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीत. 'काढ ते' एवढंच म्हणाले. आईला तर डबा घरातच नकोय. इकडे यार्डातल्या तिघा टेम्पोवाल्यांनी असंच किट करून द्यायला दोन-दोन हजार ॲडव्हान्स दिलाय, त्यातले चार हजार सामानात गेले. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरालाही लोकांनी आधी नावं ठेवली होतीच ना? तुम्ही आयुष्यभर डिझेल शिकवलंय. आप्पांना तुम्ही चार शब्द सांगाल का?

उत्तर :

बाळा,

तुझं पत्र आलं आणि हातातली बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुला लिहायला बसलो. डबा सीटमागे आहे आणि रात्री जिन्याखाली, हे वाचून मला स्वस्थ बसवलं नाही.

छोट्या हत्तीचं इंजिन सीटखालीच असतं हे तुला मी सांगायला नको. म्हणजे तापलेलं इंजिन, बॅटरीची थेट वायर, गॅसची नळी आणि तू किंवा आप्पा, सगळे एका हाताच्या अंतरात. उद्या गाडी चालू करण्याआधी बॅटरीची मायनस काढ, मग किटची वायर, मग नळी. पाईपाला पाडलेलं भोक नीट बंद कर, नाहीतर तिथून न गाळलेली धूळ आत जाऊन लायनर खाईल. डबा उघड्यावर ने. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच झाकण उघड. आतलं पाणी गटारात, ओढ्यात किंवा रानात ओतू नकोस. स्टीलच्या पट्ट्या झिजून जो तपकिरी गाळ होतो त्यात क्रोमियम उतरलेलं असतं, आणि त्यातला एक प्रकार विषारी आहे. प्लास्टिकच्या कॅनमध्ये भर, वर ठळक अक्षरांत लिही, आणि एखाद्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये विचारून त्यांच्याकडे दे. हे सगळं झालं की मग पुढचं वाच.

आईचं म्हणणं तुला भित्रेपणाचं वाटत असेल. पण घरातल्या सिलेंडरशी तुझ्या डब्याची तुलना करून बघ. सिलेंडरमध्ये नुसता गॅस असतो. तो बाहेर पडून हवेत मिसळल्याशिवाय पेट घेत नाही. तुझ्या डब्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळायला लागतात नेमक्या त्याच प्रमाणात आधीच मिसळलेले आहेत. बाहेरच्या हवेची गरजच नाही, फक्त ठिणगी हवी. आणि हायड्रोजनला लागणारी ठिणगी किती? ०.०२ मिलिज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला लागते त्याच्या जवळपास दहावा हिस्सा. टेरिकॉटचा शर्ट अंगातून काढताना जी चटचट होते ती याहून मोठी असते. त्यात तुझा स्विच थेट बॅटरीवर. इंजिन बंद करून चहाला गेलास आणि स्विच चालू राहिला, तर गॅस बनत राहतो आणि एअर फिल्टरच्या डब्यात साचतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००८ साली कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला होता, तेव्हा या किटची हवा आपल्याकडेही आली. सातारा जिल्ह्यात मी तेव्हा शिकवत होतो. एका हुशार पोराने आग्रह धरला आणि मीही हो म्हणालो. आम्ही गाडीत काही बसवलं नाही, वर्कशॉपच्या मागच्या ओट्यावर बॅटरी चार्जरवर लावलं होतं. बबलर म्हणून, म्हणजे आग नळीतून मागे येऊ नये म्हणून गॅस पाण्यातून न्यायला, साधी पाण्याची बाटली होती. पोराने वायरची क्लिप काढली, क्लिपेशी बारीकशी ठिणगी उडाली, आणि बाटली राहिलीच नाही. आवाजाने माझा डावा कान दोन दिवस गुणगुणत होता. त्याचं काही नाही. पण कॉस्टिकचं पाणी त्या पोराच्या डोळ्यात गेलं. वीस मिनिटं मी त्याचं डोकं नळाखाली धरून ठेवलं होतं, तो ओरडत होता आणि मी सोडत नव्हतो. डोळा वाचला. त्याच्या वडिलांना फोन करताना माझा हात कसा थरथरत होता ते मला आजही आठवतं. हो म्हणणारा मी होतो, शिक्षक मी होतो. तेव्हापासून या विषयावर कुणी पत्र लिहिलं तर मी ते दुसऱ्या दिवसावर टाकत नाही.

आता ॲव्हरेजकडे वळू. तुला खरं तर याचंच उत्तर हवंय, आणि ते आकड्यांत देतो. वही घेऊन बस आणि माझं गणित चुकत असेल तर मला कळव.

मायकेल फॅरेडेने १८३० च्या दशकात जो नियम मांडला, त्यानुसार एका घरातून, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या जागेतून, एक अँपिअर तासभर सोडला तर ०.०३७६ ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्याहून जास्त निघत नाही, मग पट्ट्या कुठल्याही असोत. तुझ्या सात पट्ट्या म्हणजे सहा घरं. दहा अँपिअर, सहा घरं, म्हणजे तासाला २.२६ ग्रॅम हायड्रोजन. एक ग्रॅम हायड्रोजन जळून साधारण १२० किलोज्यूल उष्णता देतो. गुणाकार केलास की २७१ किलोज्यूल येतात. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६,००० किलोज्यूल असतात. म्हणजे तासभर फेस येईपर्यंत डबा चालवून तुला मिळालं साडेसात मिली डिझेलएवढं इंधन. औषधाच्या दीड चमच्याएवढं.

आणि घातलंस किती? १३.८ व्होल्टला दहा अँपिअर म्हणजे १३८ वॉट, तासाला जवळपास ५०० किलोज्यूल वीज. ही वीज बॅटरीची म्हणून फुकटची वाटते, पण बॅटरी भरतो अल्टरनेटर आणि अल्टरनेटरला फिरवतो इंजिनाचा पट्टा. अल्टरनेटरला दिलेल्या ताकदीतली निम्म्याहून थोडी जास्तच विजेत उतरते, ५५ टक्के धर. आणि इंजिन डिझेलमधली जेमतेम पाव ते तीस टक्के उष्णता चाकापर्यंत किंवा पट्ट्यापर्यंत पोहोचवतं, २८ टक्के धर. उलटा भागाकार कर. तेवढ्या विजेसाठी तासाला सुमारे ९० मिली डिझेल जळतं. ९० मिली घालून साडेसात मिली परत. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर तासाला आठ रुपये टाकून सत्तर पैसे हातात आले.

पटत नसेल तर कान वापर. किट काढण्याआधी कधीतरी आयडलिंगला असताना तू ते चालू केलं असशीलच. इंजिनाचा आवाज किंचित दबलेला तुझ्या लक्षात आला असेल. हेडलाईट लावल्यावर दबतो तसाच. आप्पांनी तो आवाज ऐकला असणार. इतकी वर्षं तीच गाडी चालवणाऱ्या माणसाला इंजिनावर ओझं आलेलं कळतं, त्याला फॅरेडे माहीत असायची गरज नाही.

व्हिडिओवाले यावर म्हणतात की गॅस इंधन म्हणून नव्हे, तर डिझेल नीट जळावं म्हणून घालायचा. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही, म्हणून त्यालाही उत्तर देतो. हायड्रोजनची ज्योत फार वेगाने पसरते हे खरं आहे, आणि इंजिनात तो पुरेशा प्रमाणात दिला तर ज्वलन बदलतं हेही खरं आहे. ते नासाचा १९७७ चा एक अहवालही दाखवतात. तो अहवाल खरा आहे. पण त्या चाचणीत पेट्रोल इंजिनाला हायड्रोजन बाटल्यांतून किंवा मिथेनॉलपासून तयार करून दिला होता, गाडीच्याच अल्टरनेटरवर पाण्यातून काढून नव्हे. आणि प्रमाण बघ. तुझं ७०० सीसीचं इंजिन दोन हजार आरपीएमला मिनिटाला सहाशे लिटरच्या आसपास हवा ओढतं. तुझ्या डब्यातून मिनिटाला पाऊण लिटरही गॅस निघत नाही, आणि त्यातला दोन तृतीयांश हायड्रोजन. हजार लिटर हवेत पाऊण लिटर हायड्रोजन झाला. हायड्रोजनची ज्योत हवेत स्वतःहून पसरायला हजारात किमान चाळीस लिटर लागतो. एवढ्याशा चिमटीने डिझेलच्या जळण्यात तुझ्या १५ चे १७ करण्याइतका फरक पडत नाही.

मग १७ आले कुठून? तू खोटं लिहिलं नाहीस, याची मला खात्री आहे. तू १२० किलोमीटरच्या आसपास टाकी फुल करतोस असं धरतो. १५ च्या हिशेबाने ८ लिटर बसायला हवं. त्याऐवजी ७ लिटर बसलं की १७.१ आलं. सगळा चमत्कार त्या एका लिटरात आहे. डिझेलला फेस येतो, नोझल लवकर कट होतं, गाडी पंपावर जराशी कलती उभी राहते, समोरचा पोरगा घाईत असतो. लिटरभर कमीजास्त व्हायला एवढं पुरतं. शिवाय नळी बसवताना तू एअर फिल्टर उघडलास, म्हणजे तो झटकलाही असशील. किट लावल्यापासून नजर अँपिअर मीटरवर असल्याने पाय ॲक्सिलरेटरवर हलका पडत असेल. द्राक्षाच्या फेऱ्या भरलेल्या असतात, नंतरच्या काही अर्ध्या रिकाम्या. यातलं एकेक कारण लहान वाटतं, पण सगळी मिळून आकडा फिरवतात.

अमेरिकेत स्टॅनली मेयर नावाचा माणूस पाण्यावर गाडी चालवतो म्हणून सांगत फिरत असे. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने तो उघड फसवणूक करतोय असा निकाल दिला आणि दोन गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. त्याचे व्हिडिओ आजही फिरतात, निकाल कुणी दाखवत नाही. तू मेयर नाहीस. तू स्वतः गाडीत बसवून, स्वतः आकडे लिहून बघितलंस. पण तिघांचे पैसे घेतल्यानंतर तुझी जागा बदलली, हे लक्षात घे.

यार्डातले ते तिघे कोण मला माहीत नाही, पण त्यांची परिस्थिती तुमच्यासारखीच असणार. त्यांच्या गाडीत तू बसवलेला डबा फुटला तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि १८२ अ कलमात मालकाला एका बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. विमा कंपनीलाही दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. दंड त्यांना बसेल आणि तोंड तुला दाखवता येणार नाही, कारण सकाळी त्याच यार्डात उभं राहायचंय. म्हणून उरलेले दोन हजार आधी परत कर, ज्याला सर्वांत जास्त नड असेल त्याला. बाकी दोघांना समोर जाऊन सांग की गणित चुकलं, पैसे अमुक तारखेला देतो. तारीख वहीत लिही. पोराने चूक स्वतःहून कबूल केली तर यार्डातले लोक मान काढून घेत नाहीत. फोनवर नको, समोर जा.

त्या चार हजारांचं आप्पांना माहीत नाही असं पत्राच्या सुरावरून वाटतं. ते त्यांना आजच सांग. तू मला आप्पांशी बोलायला सांगितलंयस. मी बोलणार नाही, कारण ते बरोबर आहेत, आणि दुसऱ्याने येऊन समजूत घालावी असं त्यात काही नाही. तू गाडी दोघांची म्हणून लिहिलीस. दोघांच्या गाडीत एकाने न विचारता भोक पाडलं. तीन आठवड्यांच्या अबोल्यामागे डब्यापेक्षा हेच जास्त असावं असं मला वाटतं. आमच्या पिढीतल्या बापांना 'मला भीती वाटते' असं म्हणता येत नाही, ते 'काढ ते' म्हणतात. डबा काढून अंगणात ठेव आणि त्यांना बोलाव. माफी मागताना लांबण लावू नकोस. 'आप्पा, काढलं. विचारायला हवं होतं. आणि यार्डातल्या लोकांचे चार हजार द्यायचे आहेत.' एवढंच म्हण. ओरडतील. ओरडू दे. अबोला तरी सुटेल.

किर्लोस्करांचं उदाहरण तू दिलंस ते मला फार आवडलं, कारण किर्लोस्करवाडी तुझ्याच तालुक्यात आहे. १९१० साली लक्ष्मणरावांनी त्या माळावर कारखाना मांडला. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत, हे खरं. पण तो नांगर रानात नेता येत होता. लाकडी नांगराशेजारी एकाच वावरात चालवून तास किती खोल गेलं ते कुणीही वितीने मोजू शकत होता. ज्याने शंका घेतली त्याच्याच बैलांना जुंपून दाखवता येत होतं. तुझ्या किटची अशी परीक्षा तू अजून घेतलेली नाहीस, आणि जिथे जिथे घेतली गेली तिथे ती टिकली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून शंभरावर उपकरणं तपासली आहेत, लक्षात घ्यावं इतकं ॲव्हरेज वाढवणारं एकही सापडलं नाही.

पण डिझेल महाग आहे आणि भाडं पुरत नाही, हा तुझा मूळ प्रश्न शंभर टक्के खरा आहे, आणि तो मोजमापाने थोडा हलवता येतो. आता आप्पांना सोबत घे. किल्ली तुझ्याकडे, वही त्यांच्याकडे. पाच टाक्या एकाच पंपावर, एकाच नोझलवर, गाडी त्याच जागी उभी करून भरा. पहिल्या कटवर थांबायचं, वरून टोचून भरायचं नाही. लिटर आप्पा लिहितील आणि पाच टाक्या होईपर्यंत तुला दाखवणार नाहीत, म्हणजे तुझा पाय आकड्याला बघून हलका होणार नाही. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पाच टाक्या.

काय बदलायचं? सगळ्यात आधी टायरची हवा, सकाळी थंड टायरला, भरलेल्या गाडीला कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे. मग जॅक लावून चारही चाकं हाताने फिरव. एखादा ब्रेक चिकटत असेल तर तिथे तुझं डिझेल चाललंय, आणि लहान मालगाड्यांत हे मी कित्येकदा बघितलंय. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल तपासून घे. ताडपत्री फडफडत असेल तर घट्ट बांध. हायवेला वेग दहाने कमी ठेव, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. घाट उतरताना न्यूट्रल करणारे ड्रायव्हर डिझेल वाचवतोय असं समजतात. गियरमध्ये ठेवून पाय काढलास तर इंजिनाचा पंप डिझेल जवळजवळ तोडतोच. न्यूट्रलला मात्र ते आयडलिंगला जळत राहतं आणि वर ब्रेक तापतात ते वेगळंच. आणि परतीचं भाडं शोध. सांगलीहून रिकामी येणारी एक फेरी वाचली तर वरच्या सगळ्या उपायांपेक्षा जास्त पैसे सुटतील.

हायड्रोजनचं वेड मात्र सोडू नकोस, हे मी मनापासून लिहितोय. जवळच्या सायन्स कॉलेजात हॉफमनचं व्होल्टामीटर असतं, पाण्यात वीज सोडून गॅस मोजायचं काचेचं उपकरण. त्यात हायड्रोजन एका नळीत आणि ऑक्सिजन दुसऱ्या नळीत वेगवेगळा जमा होतो, म्हणून ते सुरक्षित. सरांना विनंती करून एक दुपार माग. मोजून अँपिअर सोड, मोजून गॅस घे, आणि मी वर दिलेला ०.०३७६ चा आकडा स्वतःच्या हाताने पडताळ. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनवरची बस रस्त्यावर आणली. त्या बसमध्ये हायड्रोजन टाकीत भरून आणतात आणि फ्युएल सेल त्याची वीज करतो. पाण्यातून तो काढायचं काम गाडीबाहेर, दुसऱ्या विजेवर होतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलंय. त्या टाक्या, त्या नळ्या, त्या गळत्या तपासायला हाताने काम केलेली माणसं लागणार आहेत. डिझेल मेकॅनिक झालेल्या तुझ्यासारख्या पोराला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो का, याची चौकशी या उन्हाळ्यातच कर.

पहिल्या पाच टाक्यांचे आकडे आले की मला पाठव. आप्पांच्या अक्षरातले असू देत.